खून, चहा आणि संशयाचा पत्ता

मागच्या वेळी आपण शोकांतिकेवर बोललो आणि शेवटी समोरून एक प्रश्न आला होता. एका बाईंनी विचारलं होतं, ‘सर, रात्री झोपताना खुनाची गोष्ट वाचल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. हे काही बिघडल्याचं लक्षण आहे का?’ तेव्हा वेळ संपली होती म्हणून उत्तर टाळलं. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. आज त्याच प्रश्नाकडे येऊ.

आधी कुठल्या गोष्टी म्हणतोय ते स्पष्ट करू. खुनाच्या सगळ्या गोष्टी नव्हेत. ज्यांत रक्ताचे पाट वाहतात, पहिल्याच पानावर प्रेताचं वर्णन तीन परिच्छेद चालतं, त्या आपण बाजूला ठेवू. आपल्याला हव्यात त्या गोष्टींत एक लहानसं गाव असतं. गावात एक चर्च, एक पोस्ट, एक दुकान, एक डॉक्टर, एक निवृत्त लष्करी अधिकारी आणि नको तिथं नाक खुपसणाऱ्या चार म्हाताऱ्या. खून होतो, पण तो बहुधा पडद्याआड. मग चहा होतो. सगळे एकमेकांच्या घरी जातात, बोलतात, टोमणे मारतात, वाचक गालातल्या गालात हसत असतो आणि अडीचशे पानांनी एक म्हातारी खुनी कोण ते सांगते. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात. जुन्या घरांतून चहाच्या किटलीवर घालायची लोकरीची टोपी असायची, तिलाही टीकोझीच म्हणत. आपण ‘उबदार’ म्हणू. खुनाला उबदार म्हणताना जीभ थोडी अडखळते, आणि ती अडखळायलाच हवी.

नमुना म्हणून अगाथा ख्रिस्तीची १९३० सालची ‘द मर्डर अॅट द व्हिकरेज’ घ्या. मिस मार्पलची ही पहिली कादंबरी. गोष्ट सांगतो तो गावचा पाद्री. दुपारच्या जेवणाला मांस कापता कापता तो बोलून जातो की कर्नल प्रॉथेरोचा कुणी खून केला तर जगावर उपकार होतील. आणि कर्नलसाहेबांचं प्रेत सापडतं कुठं, तर त्याच पाद्र्याच्या अभ्यासिकेत! इथं आपण हसतो. माणूस मेलाय आणि आपण हसतो.

आता हे शास्त्रात बसतं का? भरतमुनींनी रौद्रापासून करुण उपजतो असं म्हटलंय. म्हणजे जिथं हिंसा, तिथं तिच्या पाठोपाठ रडणं. आणि पुढच्या शास्त्रकारांनी रसांचे विरोध सांगितले, त्यांत हास्याचं करुणाशी आणि भयानकाशी जमत नाही असं बजावलं. मग या गोष्टींत हास्य आणि खून एका ताटात कसे? उत्तर सोपं आहे: लेखिकेनं करुण रसाला दारातूनच परत पाठवलेलं असतं. मेलेला माणूस असा निवडायचा की ज्याच्यासाठी कुणी रडणार नाही. कर्नल उद्धट, पैसेवाला, सगळ्यांना नकोसा. हसायचं तर काळजाला घटकाभर भूल द्यावी लागते, अशा अर्थाचं बर्गसाँनं १९०० साली हास्यावरच्या पुस्तकात म्हटलं. ती भूल इथं आधीच दिलेली असते. म्हणून पहिली गोष्ट कबूल करू. या गोष्टींना मृत्यूबद्दल काही सांगायचं नसतं. मृत्यू ही तिथं फक्त एक सबब असते.

कोल्हापुरात बसून हे जरा जपून बोलायला हवं. १६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ इथल्या प्रत्येकाला आठवते. गोविंद पानसरे आणि उमाताई सकाळी फिरून येत होते, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि २० तारखेला अण्णा गेले. त्या आठवड्यात आम्ही, म्हणजे आम्ही दोघं नवराबायको, एकही रहस्यकथा उघडू शकलो नाही. पुस्तक उशाशी होतं, पण हात जात नव्हता. खरा खून आणि गोष्टीतला खून यांना नाव एकच असलं तरी त्या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे शरीराला कळतं. ज्यांना उबदार रहस्यकथा आवडतात त्यांना खून आवडतो, असा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना एवढं तरी निःशंकपणे सांगता येईल.

मग आवडतं काय? डब्ल्यू. एच. ऑडेन हा मोठा इंग्रज कवी. तो या गोष्टींचा व्यसनी होता आणि १९४८ साली त्यानं आपल्या व्यसनावरच एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या सगळ्यांच्या मनात अपराधाची एक बोच असते. गोष्टीतलं गाव आधी निष्पाप असतं, खून झाला की ते विटाळतं, आणि शेवटी एकाच माणसाच्या डोक्यावर सगळा अपराध जमा होऊन बाकीचे शुद्ध होतात. वाचकही शुद्ध होतो. हे विवेचन आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवलं. आता ते पुरेसं वाटत नाही. ऑडेनची नजर शेवटच्या प्रकरणावर आहे. पण आपण या गोष्टी शेवटासाठी वाचतो का? तसं असतं तर शेवट आठवत असलेली पुस्तकं लोकांनी पुन्हा वाचली नसती. आमच्या घरी काही पुस्तकं पाच-पाचदा वाचून झाली आहेत. मजा मधल्या दोनशे पानांत असते.

त्या दोनशे पानांत घडतं काय? सगळ्यांवर संशय येतो. पाद्र्यावर येतो, त्याच्या तरुण बायकोवर येतो, चित्रकारावर, कर्नलच्या बायकोवर, मुलीवर. मिस मार्पल तर सुरुवातीलाच सांगते की तिच्या मनात निदान सात जण आहेत. गावातला प्रतिष्ठेचा उतरंडीचा क्रम असतो ना, तो या दोनशे पानांपुरता सपाट होतो. ‘डॉक्टरसाहेब कसे करतील?’ हा प्रश्न तिथं चालत नाही. करतीलही! पाहू. कुठं होता तुम्ही साडेसहा वाजता? हा प्रश्न तिथं सगळ्यांना विचारला जातो आणि सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर देता देता प्रत्येकाचं एक छोटं गुपित बाहेर पडतं. कुणाचं कर्ज, कुणाचं जुनं प्रेम, कुणी चोरून काही विकलेलं. ती गुपितं खुनाच्या मानानं इतकी किरकोळ ठरतात की माफ होऊन जातात.

आमचं म्हणणं असं, की या गोष्टींची ऊब इथं आहे. संशयाची समान वाटणी. आपल्यावरही इतरांइतकाच संशय घेतला जाईल, जास्तही नाही आणि कमीही नाही, आणि मग नीट चौकशी करून आपल्याला मोकळं केलं जाईल. याहून सुखाचं गाव कुठलं?

इथं एक आडवळण घेऊ. तत्त्वज्ञानाच्या माणसाला प्रमाणांचा मोह आवरत नाही. शेरलॉक होम्सची पद्धत म्हणजे अनुमान. डोंगरावर धूर दिसला, अर्थी तिथं आग आहे. बुटाला लाल माती, अर्थी हा अमुक रस्त्यानं आला. मिस मार्पल हे करत नाही. ती म्हणते, हा माणूस पाहिला की अमक्या मासेवाल्याचा पोरगा आठवतो, तोही असाच गोड बोलायचा आणि हिशेबात घोळ करायचा. म्हणजे सादृश्य. आपण सवलत घेऊन त्याला उपमान म्हणू. न्यायदर्शनातलं उपमान काटेकोरपणे पाहिलं तर वेगळं आहे, आमचे नैयायिक मित्र आज आले नसावेत अशी आशा आहे. (हशा) पण मुद्दा असा, की या पद्धतीला प्रयोगशाळा लागत नाही, एका गावात पन्नास वर्षं राहिलेलं असावं लागतं. सगळ्या जगानं ज्याला ‘बायकांच्या चकाट्या’ म्हणून हिणवलं, त्याला ख्रिस्तीनं ज्ञानाचा दर्जा दिला. २०२० साली आलेलं रिचर्ड ऑसमनचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ जगभर का खपलं, हेही यातून कळतं. वृद्धांच्या वसाहतीतले चार जण, एक निवृत्त परिचारिका, एक जुना कामगार पुढारी, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक गुप्तहेर खात्यातल्या बाई, दर गुरुवारी जमून जुने खून उकलतात. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटात तीन जणांनी ते वाचलं आणि तिघांचंही मत एकच पडलं: आपल्यालाही जमेल. (हशा) वय झालं की लोक तुमच्यावर संशय घेणंही सोडून देतात. ते पुस्तक म्हाताऱ्यांना संशय घेण्याचा आणि संशयित असण्याचा, दोन्ही हक्क परत देतं.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे अशी गोष्ट आहे का?

रहस्यकथा आहे, भरपूर आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी दोन पिढ्या जागवल्या. आमच्या लहानपणी वाचनालयात अर्नाळकरांची पुस्तकं कधी जागेवर सापडत नसत आणि सापडली तर शेवटची पानं गायब असत, त्यामुळे खुनी कोण ते आम्हाला मित्रांकडून कळायचं आणि प्रत्येक मित्र वेगळा सांगायचा. पुढं गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. पण या सगळ्यांचं जग मुख्यतः शहराचं. तिथं मोटारी आहेत, पिस्तुलं आहेत, वेषांतरं आहेत. आणि वेषांतर गावात चालत नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर कुणी खोटी दाढी लावून आला तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणणार, ‘काय भावा, दाढी कधी ठेवलीस?’

दुसरीकडे गावाचा विनोद आहे, आणि तो अव्वल आहे. शंकर पाटील तर आपल्याच जिल्ह्यातले, पट्टणकोडोलीचे. द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आणि ते, हे तिघं कथाकथनाला उभे राहत तेव्हा लोक पोट धरून हसत. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ मध्ये गावात भुताची वार्ता कशी तयार होते ते येतं. म्हणजे अफवा, चौकशी, प्रत्येकाची साक्ष, रहस्यकथेचा सगळा सरंजाम तयार आहे, फक्त प्रेत नाही. अर्नाळकरांकडे प्रेत होतं आणि मिरासदारांकडे गाव होतं, पण दोघांची गाठ कधी पडली नाही. का पडली नाही? आम्हाला हा योगायोग वाटत नाही.

उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ आठवा, २००८ चा. कुसवडे नावाचं गाव आणि गावाला सोडलेला डुरक्या नावाचा वळू. गावात काहीही मोडलं, बिघडलं, तुटलं की डुरक्याच्या नावावर. मग त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो, म्हणजे तपास सुरू होतो आणि तपासात गाव उघडं पडत जातं. मराठीतली उबदार रहस्यकथा म्हणाल तर ती हीच, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो. पण नीट पाहा. इथं आरोपी कोण, हा प्रश्न पहिल्यापासून सुटलेला आहे. त्याला शिंगं आहेत आणि त्याला बोलता येत नाही. सिनेमाची गंमत आणि त्याचं दुःखही यात आहे, की आपल्या गावात संशय फिरत नाही. त्याला कायमचा पत्ता असतो.

‘देवमाणूस’ घ्या. ही झी मराठीवरची मालिका, २०२० सालची. इथं अखेर गावाचा विनोद आणि खून एकत्र आले. सरू आजीच्या म्हणी आणि शिव्या, टोण्याचा आगाऊपणा, नाम्या आणि बज्या यांचे उद्योग. आणि मधोमध खून करणारा डॉक्टर. घरोघर बघितली गेली, आमच्याही घरी बघितली गेली, खोटं कशाला बोला. पण ती उबदार रहस्यकथा नव्हे, आणि का नव्हे ते समजून घेण्यासारखं आहे. खुनी कोण हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून ठाऊक. म्हणजे संशय कुणावरच घ्यायचा नाही. मग विनोदाचं काम काय उरलं? ख्रिस्तीकडे विनोद हा तपासाचाच भाग असतो, टोमण्यातून धागा सापडतो. इथं विनोद आणि खून आळीपाळीनं येतात, भजी आणि चटणीसारखे. गाव हसरं आहे ते आंधळं आहे म्हणून. आपण गावाबरोबर हसत नाही, गावाला हसतो. आणि त्या गडबडीत मारल्या गेलेल्या बायका कुठल्या कुठं राहून जातात. सरू आजीची म्हण दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्यांच्या तोंडी असायची, मेलेलीचं नाव कुणालाच आठवायचं नाही.

ही मालिका वाईजवळ २०१६ साली उघडकीला आलेल्या प्रकरणावर बेतलेली होती, हे आपण जाणता. सहा हत्यांचा आरोप, त्यांत पाच बायका, आणि तेरा वर्षांचा काळ. आरोपी लोकांत डॉक्टर म्हणून वावरणारा. त्या खटल्याचं काय ते न्यायालय पाहील, आपला तो विषय नाही. आपल्याला एवढंच पाहायचंय की वाई हे काही अनोळखी महानगर नव्हे. तिथं माणसं एकमेकांना ओळखतात, कुणाकडे पाहुणे आले हे बोळातल्या कुत्र्यालाही कळतं. मग बायका एकेक करून बेपत्ता होताना धागा का जुळला नाही? अंगणवाडी सेविकांमध्ये काम करणाऱ्या एका बाई बेपत्ता झाल्या, तेव्हा कुठं तपासाला सुरुवात झाली. आमच्या मते एक कारण ‘डॉक्टर’ या शब्दात आहे. तो शब्द दारावर असला की संशय दारातून परत जातो.

आता एक सूचना. ज्यांनी ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ वाचलेली नाही त्यांनी दोन मिनिटं कान झाकावेत. पुस्तकाला शंभर वर्षं होत आली, तेव्हा दोष आमचा एकट्याचा नाही. (हशा) १९२६ च्या त्या कादंबरीत गोष्ट सांगणारा गावचा डॉक्टर असतो आणि खुनी तोच निघतो. त्याची बहीण कॅरोलाइन घरात बसून सगळ्या गावाच्या बातम्या जमवते. दूधवाला, मोलकरीण, पोस्टमन, सगळे तिचे हेर. तिला सगळं कळतं. फक्त सकाळी आपल्यासमोर बसून नाश्ता करणारा भाऊ काय आहे ते कळत नाही. याच कॅरोलाइनवरून मिस मार्पल सुचली असावी, असं ख्रिस्तीनंच पुढं सांगितलं. डॉक्टरवरही संशय घ्या, घरातल्यावरही घ्या, गोष्ट सांगणाऱ्यावरही घ्या. समान वाटणीचा नियम यापुढे ताणता येत नाही. कान उघडा.

पण मघापासून आपण ‘समान’ म्हणतोय, ते तपासून घ्यायला हवं. एस. एस. व्हॅन डाइन नावाच्या अमेरिकन लेखकानं १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम लिहिले. त्यातला एक असा, की नोकराला खुनी करू नये. वाचताना बरं वाटतं. चला, गरिबावर आळ नको. पण कारण वाचलं की चेहरा पडतो. नोकर खुनी निघाला तर ते फार सोपं होतं, खुनी हा काही किमतीचा माणूस असला पाहिजे, असं ते कारण. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानं दहा नियम केले, त्यात एक नियम होता: गोष्टीत चिनी माणूस आणू नका. तो वंशद्वेष म्हणून गाजला, पण रोख उलटा होता. स्वस्त कादंबऱ्यांत खलनायक म्हणून उठसूट चिनी माणूस उभा करत, त्याचा कंटाळा येऊन केलेला तो नियम.

हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. संशय घेणं म्हणजे एका अर्थी समोरच्याला पूर्ण माणूस मानणं. त्याला आतलं आयुष्य आहे, त्याला राग असेल, लोभ असेल, त्यानं बेत केला असेल, असं धरून चालणं. व्हॅन डाइनचा नोकर त्यातून वगळला जातो, कारण त्याला आतलं आयुष्य असेल असं कुणाला वाटत नाही. आणि स्वस्त कादंबरीतला चिनी माणूस कायमचा संशयित असतो, त्याचंही कारण तेच. त्याचा बेत काय, हेतू काय, हे कुणी विचारतच नाही. कधीच संशय न घेणं आणि कायम संशय घेणं, या दोन्हींत माणूस मोजलेलाच नसतो.

हे आपल्याला इंग्लंड-अमेरिकेतून शिकायची गरज नव्हती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि तो पुढं मुंबई इलाख्यातही आला. जन्मतः गुन्हेगार! मूल पाळण्यात असताना त्याच्यावर संशय. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. १९५२ साली कायदा गेला, ‘विमुक्त’ हा शब्द आला. पण लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं आहे, ते वाचलं की कळतं, कायदा गेला तरी पोलिसाला पत्ता पाठ होता. आपल्या संस्थानातही काही जातींच्या लोकांना गावात रोज हजेरी द्यावी लागे. पूर्ण वाढलेल्या माणसानं रोज जाऊन सांगायचं की आम्ही आहोत, पळालो नाही, चोरी केली नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी नोकऱ्या दिल्या, पहाऱ्याची कामंसुद्धा दिली. महाराजांच्या कामांची यादी मोठी आहे आणि भाषणांत ती पाठ म्हटली जाते, त्यात ही हजेरीची गोष्ट पटकन उरकली जाते. आम्हाला ती फार मोठी वाटते. संशयाचा कायमचा पत्ता पुसून टाकणं, हे राज्यकर्त्याच्या हातून क्वचितच होतं.

मराठीत उबदार रहस्यकथा का नाही, याचं आमचं उत्तर इथं येतं. ती लिहायला असं गाव कल्पावं लागतं, ज्यात खून झाल्यावर फौजदार पाटलांनाही विचारेल, भटजींनाही, डॉक्टरांनाही आणि वस्तीतल्या माणसालाही, त्याच स्वरात. असं गाव आपल्या लेखकाला खोटं वाटतं. आणि तो प्रामाणिक असेल तर वाटायलाच हवं.

आता थोडं घरचं. न सांगता पुढं गेलो तर हे सगळं भाषण फुकट.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातून सोन्याच्या पाटल्या नाहीशा झाल्या. सांगलीला लग्नाला दोन दिवस गेलो होतो, परत आलो तर कपाटात नाहीत. रात्री शोधाशोध, सकाळी पोलिसांत. तिथं विचारलं, ‘घरात कामाला कोण येतं?’ आम्ही नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. कुठं राहते ते सांगितलं, गल्लीच्या खुणेसह. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. रोज रात्री सात-सात संशयितांचा विचार करणारे आम्ही! आमचा भाचा त्या आठवड्यात येऊन राहून गेला होता. प्लंबर येऊन गेला होता. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. आणि आम्ही दोघं होतो, ज्यांना वयामुळं काय कुठं ठेवलं ते आठवत नाही. यातलं एकही नाव तोंडात आलं नाही.

त्या मावशींना दोनदा बोलावून घेतलं गेलं. चौथ्या दिवशी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि पाटल्या हाताला लागल्या. निघायच्या घाईत आमच्याच घरातून तिथं ठेवल्या गेल्या होत्या. आम्ही जाऊन तक्रार मागे घेतली, माफी मागितली. मावशी उरलेला पगार न्यायला आल्या. भांडल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ‘बाई, गावाला जाताना तुमी वस्तू तांदळात घालता, मला म्हाईत हाय की. मला इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं.’

चौदा वर्षं त्या घरात येत होत्या. घराचं इतकं ज्ञान दुसऱ्या कुणाला नव्हतं. म्हणजे त्या घरातली मिस मार्पल कोण होती, ते आम्हाला नंतर कळलं, आणि आम्ही तिचाच पत्ता फौजदाराला दिला होता. त्या परत कामाला आल्या नाहीत.

तेव्हापासून एक कादंबरी डोक्यात घोळते आहे. आम्हाला लिहिता येणार नाही, म्हणून समोर बसलेल्यांपैकी कुणाला तरी देऊन टाकतो. गाव कोल्हापूरच. नायिका सहा घरची धुणीभांडी करणारी बाई. ताटात काय उरलं यावरून घरात भांडण झालं का ते ती ओळखते. कपड्यांवरून कोण कुठं जाऊन आलं ते कळतं. सहा घरांची सहा गुपितं तिच्याजवळ आहेत आणि तिनं ती कधी इकडची तिकडं केलेली नाहीत. ‘हे साहेब बघितले की मला चौथ्या घरचे साहेब आठवतात,’ एवढ्यावर ती खून उकलू शकते. मेलेला माणूस उद्धट आणि पैसेवाला असावा, तो शोधायला लेखकाला फार लांब जावं लागणार नाही. विनोद आपोआप होईल, कारण कोल्हापुरी बाई गप्प बसणार नाही.

एकच अडचण आहे आणि ती आम्हाला सुटलेली नाही. मिस मार्पल पोलिसांकडे जाते तेव्हा ते तिचं ऐकून घेतात. आधी हसतात, पण ऐकतात. स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त सर हेन्री तिच्या ओळखीचे आहेत, भाचा नावाजलेला लेखक आहे. आमची बाई चौकीत जाऊन म्हणाली, ‘साहेब, खून कुणी केला मला ठाऊक हाय,’ तर साहेब आधी काय करतील? खुर्ची देतील, की वही उघडून तिचं नाव आणि पत्ता विचारतील? लेखकाला खुनी शोधण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घेणारा एक फौजदार शोधावा लागेल, आणि तो वाचकाला खरा वाटला पाहिजे.

चहा आलेला दिसतोय. इथं थांबू, चहानंतर प्रश्न घेऊ.